उद्ध्वस्त भूमी आणि उगवता सूर्य : पॉल नॅशची युद्धचित्रे

युद्धाने केलेला विध्वंस आणि त्या विध्वंसानंतरही टिकून राहणारा निसर्ग ही जोडी युरोपीय कलेत इतकी रूढ झाली आहे की, तिच्याकडे समस्या म्हणून पाहण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. तोफगोळ्याने पाडलेल्या खड्ड्याच्या काठावर फूल उमलते, जळालेल्या खोडाला पालवी फुटते, आणि पाहणाऱ्याचे मन निवते. पहिल्या महायुद्धाच्या स्मृतीचे चिन्ह म्हणून तांबड्या पॉपीचे फूल रूढ झाले ते याच मनोव्यापारातून. जॉन मॅक्रे या कॅनेडियन सैनिकी डॉक्टरने १९१५ च्या मे महिन्यात लिहिलेली कविता त्याला निमित्त झाली. आपल्याकडे या फुलाला सरसकट अफूचे फूल म्हटले जाते. फ्लँडर्समधले हे फूल अफूच्या कुळातले खरे, पण अफू देणारे नव्हे. ते धान्याच्या शेतात माजणारे एक तण आहे. त्याचे बी मातीत वर्षानुवर्षे निपचित पडून राहते आणि माती उकरली जाऊन त्याला उजेड मिळाला की रुजते. या वनस्पतिशास्त्रीय तपशिलाचे महत्त्व येथे आहे. तोफांनी जमीन उलथीपालथी केली म्हणूनच ते फूल त्या वर्षी इतक्या भराने आले. ज्याला आपण विध्वंसावरचे निसर्गाचे उत्तर समजतो, ते एका अर्थाने विध्वंसाचेच फलित होते.

मग अशा फुलाकडे कलावंताने कसे पाहावे? सांत्वन म्हणून, की साक्षीपुरावा म्हणून? विध्वंसाच्या चित्रात निसर्गाचे चिरंतनत्व आणणे म्हणजे विध्वंस करणाऱ्यांना अप्रत्यक्षपणे माफी देणे होते काय? हे प्रश्न ज्याच्या चित्रांतून सर्वांत तीव्रतेने उभे राहतात, असा चित्रकार म्हणजे पॉल नॅश (१८८९–१९४६). दोन्ही महायुद्धांत तो सरकारनियुक्त युद्धचित्रकार होता, आणि दोन्ही वेळा त्याने माणसांपेक्षा भूमीकडेच अधिक पाहिले.

या निवडीची एक बाजू निखळ ऐतिहासिक आहे आणि समीक्षकांकडून ती बहुधा दुर्लक्षिली जाते. युद्धचित्रकार नेमण्याची ब्रिटिश योजना प्रचारखात्याने चालवली होती, आणि काय दाखवावे याला सेन्सॉरची मर्यादा होती. सी. आर. डब्ल्यू. नेव्हिन्सन या चित्रकाराने १९१७ साली चिखलात, काटेरी तारांच्या कडेला पालथ्या पडलेल्या दोन ब्रिटिश सैनिकांची प्रेते रंगवली. ‘पाथ्स ऑफ ग्लोरी’ या नावाच्या त्या चित्राला युद्धखात्याच्या सेन्सॉरने परवानगी नाकारली. १९१८ च्या मार्चमध्ये लंडनच्या प्रदर्शनात नेव्हिन्सनने ते चित्र तरीही टांगले, मात्र त्यावर ‘सेन्सॉर्ड’ असे लिहिलेली तपकिरी कागदाची पट्टी आडवी चिकटवून. आपल्या बाजूचे प्रेत दाखवता येत नव्हते; फाटलेले झाड मात्र दाखवता येत होते. नॅशच्या चित्रांतली झाडे वाचताना ही परिस्थिती विसरून चालणार नाही. अर्थात सेन्सॉरमुळे तो झाडांकडे वळला असे म्हणणेही अन्यायाचे होईल. बकिंगहॅमशायरमधील आयव्हर हीथ येथील घराच्या बागेतली झाडे तो तरुणपणापासून व्यक्ती असल्यासारखी रेखाटत आला होता. ऑक्सफर्डच्या दक्षिणेस थेम्सकाठी असलेल्या विटनम क्लम्प्स या दोन वृक्षमंडित टेकड्या तर त्याला १९१२ पासून जणू झपाटून होत्या. झाडाला देह मानण्याची त्याची जुनी सवय होती. सेन्सॉरने त्या सवयीला केवळ एक भयंकर अर्थ मिळवून दिला.

१९१७ च्या फेब्रुवारीत हॅम्पशायर रेजिमेंटचा सेकंड लेफ्टनंट म्हणून नॅश बेल्जियममधील ईप्र शहराभोवतीच्या आघाडीवर दाखल झाला. त्या वसंतात तो भाग तुलनेने शांत होता. पत्नी मार्गारेट हिला त्याने तेथून लिहिलेली पत्रे आज वाचताना थोडी अस्वस्थता येते, ती त्यांतल्या आनंदामुळे. खंदकाच्या बांधावर पिवळीधमक डँडेलियनची फुले आली आहेत, पडक्या घराच्या बागेत लायलॅक फुलतो आहे, दोन महिन्यांपूर्वी विषारी वायूने आणि गोळ्यांनी छिन्नभिन्न झालेले रान आता हिरवेगार झाले आहे, असा त्या पत्रांचा सूर आहे. ‘स्प्रिंग इन द ट्रेंचेस, रिज वुड, १९१७’ हे चित्र या अनुभवाचे. सैनिक बसलेले आहेत, वर आकाश निळे आहे, झाडे मोडलेली असूनही प्रकाश प्रसन्न आहे. जर्मन चित्रकार ओटो डिक्स यालाही हाच अनुभव शत्रूच्या बाजूच्या खंदकातून आला होता. १९२४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘डेर क्रीग’ या त्याच्या पन्नास मुद्राचित्रांच्या संचात कुजलेल्या देहांच्या आणि वेड्या झालेल्या चेहऱ्यांच्या मधोमध एक मुद्राचित्र आहे : गोळ्याने पडलेला खड्डा आणि त्याच्याभोवती उमललेली फुले, वसंत १९१६. डिक्सच्या संचात ते फूल इतर एकोणपन्नास चित्रांच्या वेढ्यात सापडलेले आहे, त्यामुळे त्याचे सांत्वन होऊ शकत नाही. नॅशच्या १९१७ च्या वसंतचित्राला असा वेढा नाही. चित्र म्हणून ते सुंदर आहे. युद्धाविषयीचे विधान म्हणून ते अपुरे आहे.

तो वेढा त्याच वर्षी पडायचा होता. २५ मे रोजी रात्रीच्या अंधारात नॅश खंदकात पडला, त्याची बरगडी मोडली आणि त्याला इंग्लंडला पाठवण्यात आले. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याच्या तुकडीने हिल ६० या टेकडीच्या बाजूने चढाई केली आणि तीत त्याचे बहुतेक सहकारी मारले गेले. तो वाचला तो एका पाय घसरण्यामुळे. नोव्हेंबरात युद्धचित्रकार म्हणून तो पुन्हा त्याच भूमीवर आला, तेव्हा पाशेंडालची लढाई नुकतीच संपत होती. ३१ जुलैपासून १० नोव्हेंबरपर्यंत चाललेल्या त्या लढाईपूर्वीच्या भडिमारात एकट्या ब्रिटिशांनी चाळीस लाखांहून अधिक गोळे डागले होते. फ्लँडर्सची जमीन चिकणमातीची आणि सखल; शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या खणलेल्या चरांनी तिचा निचरा होत असे. गोळ्यांनी ते चर नष्ट केले, त्यात पाऊस पडला, आणि सगळा मुलूख चिखलाचा समुद्र झाला. माणसे आणि खेचरे त्यात बुडून मेली. या चिखलाला निसर्गाचा कोप म्हणण्याची पद्धत आहे. पण ऑगस्टमध्ये फ्लँडर्सला पाऊस पडणे यात कोप कसला? कोसळली होती ती मनुष्याने उभारलेली निचऱ्याची व्यवस्था.

१९१७ च्या नोव्हेंबरातले नॅशचे पत्र प्रसिद्धच आहे. आपण आता कुतूहलाने पाहणारे कलावंत उरलो नसून, लढणाऱ्यांकडून युद्ध चालू ठेवू इच्छिणाऱ्यांकडे निरोप नेणारा दूत आहोत, अशा आशयाचे उद्गार त्यात आहेत. चिखलात बसून त्याने केलेल्या रेखाटनांपैकी एक होते ‘सनराइज, इन्व्हर्नेस कॉप्स’. या रेखाटनावरून १९१८ साली त्याने जे तैलचित्र केले, त्याची रचना अगदी साधी आहे. समोर हिरवट मातीचे उंचवटे, लाटांसारखे किंवा कबरींसारखे, एकामागून एक. त्यांतून वर आलेली शेंडे तुटलेली, फांद्या नसलेली खोडे. पाठीमागे वाळलेल्या रक्ताच्या रंगाचा ढगांचा किंवा डोंगरांचा पट्टा. ते ढग की डोंगर, हे नीट ठरत नाही. आणि त्या पट्ट्यावरून वर येणारा फिकट पांढरा सूर्य, ज्याची किरणे सरळ खाली खोडांवर पडतात. माणूस एकही नाही. आकाराने हे चित्र जेमतेम ७१ बाय ९१ सेंटिमीटरचे आहे. लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये ते आहे.

या चित्राच्या नावांचा इतिहास कलाविचाराच्या दृष्टीने फार बोधक आहे. मूळ रेखाटनाचे नाव केवळ सूर्योदय आणि स्थळ सांगणारे. त्यानंतर हे तैलचित्र ‘ब्रिटिश आर्टिस्ट्स अॅट द फ्रंट’ या सरकारी प्रचारमालिकेच्या नॅशवरील पुस्तकाच्या मुखपृष्ठावर छापले गेले, तेव्हा त्याला नावच दिलेले नव्हते. मग १९१८ च्या मे महिन्यात लीस्टर गॅलरीजमधील ‘व्हॉइड ऑफ वॉर’ या प्रदर्शनात ते मांडले गेले ते ‘वुई आर मेकिंग अ न्यू वर्ल्ड’ या नावाने. आम्ही नवे जग घडवीत आहोत : युद्धकाळातील पुढाऱ्यांच्या भाषणांतले वाक्य जणू उचलून या मातीखाली लिहिले गेले. ‘आम्ही’ हा शब्द विशेष लक्षात घ्यावा. त्यात कैसर येत नाही, शत्रू येत नाही. त्यात चित्रकार स्वतः येतो आणि प्रदर्शन पाहायला आलेला लंडनकरही येतो. ज्या सेन्सॉरने नेव्हिन्सनची प्रेते अडवली, त्याच कर्नल ली यांनी नॅशची चित्रे मात्र जाऊ दिली; नॅश ब्रिटिश जनतेची मोठी थट्टा करीत असावा, असे त्यांना वाटले होते.

म्हणजे एकच चित्र, रंगाची एकही रेषा न बदलता, आधी सरकारच्या प्रचारपुस्तकाचे मुखपृष्ठ झाले आणि नंतर सरकारवरचा आरोप झाला. येथे आपल्याकडील सौंदर्यविचाराशी त्याचा सामना लावून पाहण्यासारखा आहे. मर्ढेकरांनी कलाकृतीचे सौंदर्य संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांत पाहिले आणि चित्राचे खरे माध्यम रंग व आकार यांच्या संवेदना हेच मानले. त्या कसोटीवर नॅशचे हे चित्र उत्तम उतरते. उभी खोडे आणि आडव्या लाटा यांचा विरोध, तांबड्या पट्ट्याने आणि पांढऱ्या वर्तुळाने साधलेला समतोल, खोडांच्या पुनरावृत्तीतला संवाद, हे सारे त्यात आहे. पण चित्राखालचे नाव या हिशेबात कोठे बसवायचे? मर्ढेकरी भूमिकेनुसार ते चित्राबाहेरचे, लौकिक, म्हणून सौंदर्यदृष्ट्या अप्रस्तुत. नावाशिवाय हे चित्र पाहिले तर तो सूर्य नव्या दिवसाचा, आशेचा, निसर्गाच्या अजिंक्यपणाचा ठरू शकतो. प्रचारखात्याने तो तसाच घेतला असणार. नाव वाचल्यावर तोच सूर्य निर्विकार होतो. तो रोज उगवतो, काल उगवला, उद्या उगवेल, आणि खाली काय झाले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नाही. रा. भा. पाटणकरांनी ‘सौंदर्यमीमांसे’त कलेच्या स्वायत्ततेचे आणि लौकिकतेचे असे दोन ध्रुव मानले आणि त्यांपैकी एकाची निवड करून प्रश्न सुटत नाही असे सुचवले, त्याची सत्यता येथे पटते. या चित्रात रचना आणि नाव परस्परांशिवाय अपुरी आहेत. प्रस्तुत लेखकाच्या मते या शब्दांना चित्राच्या विरोधलयीतलाच एक घटक मानावे लागेल, मग ती लय केवळ संवेदनांची राहिली नाही तरी चालेल.

निसर्गाचा निर्विकारपणा हा भारतीय वाचकाला नवा नाही. महाभारताचा प्रधान रस शांत आहे असे आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्योतात म्हटले, ते वृष्णी आणि पांडव यांच्या शोचनीय अंताकडे बोट दाखवून. परंतु नॅशच्या चित्राला शांतरसाचे म्हणणे मला जड जाते. शांत हा निर्वेदातून येतो आणि निर्वेदाला मागे वळून पाहण्याइतके अंतर लागते. १९१८ च्या मे महिन्यात युद्ध अद्याप चालू होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये नॅशला एका नियोजित स्मृतिसभागृहासाठी भव्य चित्राचे काम मिळाले होते. ‘द मेनिन रोड’ हे ते चित्र. रुंदी तीन मीटरहून अधिक, पूर्ण झाले १९१९ मध्ये. ते सभागृह कधीच बांधले गेले नाही. चित्रात रस्ता म्हणून ओळखू येईल असे काही उरलेले नाही : पाण्याने भरलेले खड्डे, कोसळलेले काँक्रीट, खोडांच्या रांगा, आणि मधोमध वाट शोधणारे मुंगीएवढे दोन सैनिक. याच मुलुखातून १९१४ च्या हिवाळ्यात हिंदी पलटणी गेल्या होत्या. मेनिन रस्ता जिथून निघतो त्या ईप्रच्या वेशीवर १९२७ साली उभारलेल्या मेनिन गेट या स्मारकावर हिंदी सैनिकांचीही नावे कोरलेली आहेत. दक्षिणेला फ्रान्सच्या हद्दीत नव्ह-शापेल येथे २८ ऑक्टोबर १९१४ रोजी पुण्याजवळच्या खडकीच्या तिसऱ्या सॅपर्स अँड मायनर्सच्या दोन कंपन्यांचे जवळजवळ सर्व अधिकारी मारले गेले किंवा जखमी झाले. त्या गावाजवळच्या हिंदी स्मारकावर ४,७०० हून अधिक नावे आहेत. हिंदी शिपाई बहुतांशी शेतकऱ्यांची मुले. त्यांनी ही भूमी पाहिली ती नॅशच्या आधी, अजून शेत दिसत होते तेव्हा. आपल्या घरी लिहिलेल्या त्यांच्या पत्रांपैकी जी सेन्सॉरच्या नोंदींत उरली, त्यांत या भूमीविषयी काय आहे याचा निसर्गदृष्टीच्या अंगाने अभ्यास मराठीत कोणीतरी करावयास हवा.

‘मेनिन रोड’ ज्या जागी रंगवले गेले, तेथेच आणखी एक चित्र तयार होत होते आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. पॉल आणि त्याचा धाकटा भाऊ जॉन यांनी चॅलफंट सेंट पीटर या खेड्यात वनौषधी वाळवण्याची एक शेड भाड्याने घेतली होती. जॉन हाही युद्धचित्रकार. ३० डिसेंबर १९१७ रोजी त्याच्या कंपनीच्या ऐंशी जणांनी खंदकातून बाहेर पडून चढाई केली, आणि काही मिनिटांत त्यांतले अडुसष्ट मारले गेले वा जखमी झाले. उरलेल्या बारांत जॉन होता. त्या सकाळचे ‘ओव्हर द टॉप’ हे चित्र त्याने या शेडमध्ये रंगवले. दिवसभर दोघे भाऊ सरकारी काम करीत. युद्धाची चित्रे हे वेतनाचे काम असल्याने त्या वेळात दुसरे काही करायचे नाही असा त्यांचा कटाक्ष होता. संध्याकाळी सहानंतर मात्र जॉन आपल्या आनंदासाठी रंगवी. त्यातून ‘द कॉर्नफील्ड’ हे चित्र झाले : कापणी झालेले गव्हाचे शेत, उभ्या केलेल्या पेंढ्या, लांब पडलेल्या सावल्या, मागे गर्द झाडी. चित्रातला उजेडही संध्याकाळचाच आहे.

वरवर पाहता हे पलायन वाटते. तसे ते नाही, कारण या शेतात निसर्ग एकटा नाही. पेंढ्या कोणीतरी कापल्या, बांधल्या, एकमेकींना टेकवून उभ्या केल्या. शेतात माणूस दिसत नाही, जसा तो ‘न्यू वर्ल्ड’मध्येही दिसत नाही, पण येथे त्याचे हात दिसतात. पॉलच्या चित्रांतही माणसाच्या हातांचेच काम दिसत होते, आणि ते त्याने आरोप म्हणून दाखवले. निसर्ग विरुद्ध युद्ध अशी मांडणी करणाऱ्या समीक्षेतून ही गोष्ट निसटते.

प्रत्यक्ष इतिहासही तेच सांगतो. नॅशने मेलेली म्हणून रंगवलेली भूमी मेली नाही. आज ईप्रभोवती बटाटा, मका आणि बीट पिकते. पण हे आपोआप घडलेले नाही. १९१९ पासून परतलेल्या बेल्जियन शेतकऱ्यांनी खड्डे बुजवले, चर पुन्हा खणले. चिनी मजुरांच्या पलटणींनी तारा, गोळे आणि प्रेते उचलली. आजही नांगराच्या फाळाला न फुटलेले गोळे लागतात, शेतकरी ते बांधावर ठेवतात आणि बेल्जियन लष्कराचे पथक येऊन ते उचलते. तिकडे या प्रकाराला लोखंडाचे पीक म्हणतात. आणि निसर्गाच्या सहनशक्तीलाही सीमा आहे. फ्रान्समध्ये व्हर्दनजवळ १९२८ साली दोन लाखांच्या आसपास रासायनिक गोळे जाळून नष्ट केले गेले. तेथील मातीत आर्सेनिकचे प्रमाण इतके आहे की, त्या जागेवर आजही मोजक्याच वनस्पती जगतात. तेथील ओसाडीवर कोणी कविता केली नाही.

युद्धानंतर नॅशचे मानसिक स्वास्थ्य ढासळले. १९२१ पासून काही वर्षे तो डिमचर्चच्या समुद्रभिंतीची चित्रे करीत राहिला, आणि त्या चित्रांतला समुद्र पुष्कळदा खंदकावर चालून येणाऱ्या शत्रूसारखा दिसतो. १९४० साली दुसऱ्यांदा त्याला युद्धचित्रकार नेमले गेले तेव्हा तो दम्याने जर्जर झालेला होता. ऑक्सफर्डजवळ काउली येथे पाडलेल्या जर्मन विमानांच्या सांगाड्यांचा ढीग होता. तो पाहून त्याने ‘टोटेस मीर’ म्हणजे मृत समुद्र हे चित्र केले (१९४०–४१). चांदण्यात पत्र्यांच्या लाटा किनाऱ्यावर फुटत आहेत आणि वरून एक घुबड उडत जाते आहे. कास्पार डाव्हिड फ्रीडरिखच्या बर्फसमुद्राची आठवण यावी अशी ती रचना. नाव मुद्दाम जर्मनमध्ये. प्रचारासाठी या चित्राचा उपयोग करावा अशी नॅशची स्वतःचीच इच्छा होती. १९१८ मध्ये ‘आम्ही’ म्हणणारा चित्रकार आता ‘ते’ म्हणतो आहे. हिटलरविरोधी युद्धात हा बदल समजण्यासारखा आहे. परंतु चित्रातील निसर्ग, म्हणजे चंद्र, समुद्र आणि घुबड, एका पक्षाला सामील झाल्याने त्या चित्राची पूर्वीची धार थोडी बोथट झाली, हे नोंदवलेच पाहिजे. समीक्षकांनी या चित्राची जेवढी स्तुती केली तेवढी मला करता येत नाही.

त्याची शेवटची चित्रे मात्र वेगळ्या जातीची आहेत. ऑक्सफर्डबाहेरील बोअर्स हिलवरच्या मैत्रिणीच्या घरातून तो दुर्बिणीने विटनम क्लम्प्स पाही. चालत तेथवर जाण्याचे बळ आता उरले नव्हते. ‘लँडस्केप ऑफ द व्हर्नल इक्विनॉक्स’ (१९४३) या चित्रात त्या जुन्या दोन टेकड्यांच्या एका बाजूला मावळता सूर्य आणि दुसऱ्या बाजूला उगवता चंद्र आहे. वसंतसंपाताचा तो दिवस, जेव्हा दिवस आणि रात्र समसमान असतात. मर्ढेकरांचा समतोल येथे विषय म्हणूनच अवतरला आहे. हा समतोल सांत्वनाचा नाही, कारण संपात हा क्षणच असतो, त्यापुढे एक बाजू वाढतेच. येथे निसर्ग मानवी विध्वंसाला उत्तर देत नाही, आरोपही करीत नाही. तो स्वतःच्या गतीने, मोजता येण्याजोग्या चक्राने फिरतो आणि मरणाच्या दारात उभा असलेला चित्रकार ते चक्र मोजतो. १९४५ मध्ये, युद्ध संपण्याच्या वर्षी, त्याने सूर्यफुलांवर चार चित्रांची मालिका योजली. ग्रहण लागलेले सूर्यफूल आणि टेकडीवरून आगीच्या चाकासारखे गडगडत जाणारे सूर्यफूल अशी दोन तैलचित्रे पुरी झाली. उरलेली दोन रंगवण्याआधीच, ११ जुलै १९४६ रोजी, बॉस्कम येथे तो वारला.